अडतीस एमएम

बापूंशी इंचात बोललेलं चालत नाही. फूट, वीत, बोटभर, तसूभर, यातलं काहीच चालत नाही. "एमएममध्ये बोला, म्हणजे भानगड नको," असं म्हणून ते समोरच्याचं वाक्य तिथेच अडवतात. चहा कपात कमी आला की "आज दहा एमएम हात आखडला वाटतं." त्यांच्या बायकोनं, म्हणजे ताईंनी, कपाट किती सरकवू विचारलं की "दोनशे घे, पुढचं पुढे बघू." पंधरा इंची डिस्क सगळ्या जगाला पंधरा इंची असते, बापूंना ती ३८१ एमएमची असते. पाऊस तेवढा सरकारी हिशेबातच एमएममध्ये पडतो, म्हणून पावसाबद्दल त्यांना फार आदर आहे.

बापू माझे साडू. मित्र माणूस पारखून घेतो, साडू न विचारता मिळतो. जळगावात त्यांचं ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान आहे. लॅटरल, जॉइनर, ग्रोमेट, एंडकॅप. दिवसभर दोन वस्तूंच्या मध्ये तिसरी वस्तू नीट बसवून द्यायची, हाच धंदा. त्यामुळे गाडीचं चाक आणि हब यांच्या मध्येही काहीतरी बसवता येतं हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांची काय अवस्था झाली असेल ती मी समजू शकतो. त्या वस्तूला स्पेसर म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. ती हबवर बसवायची आणि तिच्यावर चाक. चकती जेवढी जाड, तेवढं चाक गाडीच्या बाहेर. बापूंच्या जिप्सीला असे चार स्पेसर आहेत, प्रत्येकी अडतीस एमएमचे. म्हणजे गाडी एकूण शहात्तर एमएम रुंद झाली, हे ते लग्नपत्रिका द्यायला आलेल्या माणसालाही सांगतात.

हा माणूस एकटा नाही. रावेर-सावद्याकडे तो केळीवाला असतो आणि त्याच्याकडे नवी थार असते. शिरपूरकडे तो शाळेत मास्तर असतो आणि जुन्या कमांडरवर सुखी असतो. ओळखायची खूण एकच. गाडीची चाकं मडगार्डच्या बाहेर आलेली आणि मालक बोनेटला टेकून, कुणीतरी "हे काय हो?" असं विचारेल म्हणून वाट बघत उभा. विचारणारा भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. बापूंचं आहे, "मी फायदा-तोटा दोन्ही सांगतो, मग तुम्ही ठरवा." प्रत्यक्षात फायदा सांगून संपेपर्यंत ऐकणाऱ्याची बस निघून गेलेली असते.

फायद्याची सुरुवात इतिहासापासून होते. मारुतीनं जिप्सी आणली १९८५ च्या डिसेंबरात, ९७० सीसीचं इंजिन घालून. गाडी काटक, हलकी, कुठेही चढणारी, पण अंगानं अरुंद. मग १९९३ मध्ये कंपनीनंच वाइडट्रॅक जिप्सी काढली. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर नव्वद एमएमनं वाढवून पुढे १,३०० आणि मागे १,३१० केलं. इथपर्यंत आवाज संथ असतो. पुढच्या वाक्याला तो चढतो. कारण बापूंची जिप्सी १९९२ ची. एका बागायतदाराकडून जुनी घेतलेली, जुन्या अरुंद मापाची. "एक वर्ष, साडूभाऊ! एका वर्षानं हुकली. कंपनीनं केलं ते डिझाइन आणि मी केलं ते खूळ?"

याला उत्तर आजवर एकाच माणसानं दिलंय, आमच्या सासऱ्यांनी. आबा धुळ्याला देवपुरात राहतात, पण त्यांचं सगळं आयुष्य गावाकडे बैलगाडीवर गेलेलं. एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते काठी टेकत जिप्सीभोवती फिरले, वाकून चाकाच्या आत बघितलं आणि म्हणाले, "चाके बाहेर गयात, पन आख तोच शे ना, जवाईबापू?"

बापू त्या दिवशी जेवताना गप्प होते. कारण मुद्दा नेमका तोच होता. कंपनीनं आखच लांब केला होता. बापूंनी आख होता तेवढाच ठेवून चाक बाहेर ढकललं होतं.

आता, स्पेसरची गरज खरोखर होती का? तर होती, हे मला मान्य करावं लागतं. गाडी घेतली तेव्हा तिच्यावर २०५ रुंदीचे टायर होते. पावसाळ्यात यावलकडच्या काळ्या मातीत ते टायर दोन फेऱ्यांतच गुळगुळीत लाडू होऊन फिरत बसायचे. म्हणून बापूंनी २३५ चे, खोल नक्षीचे घातले. टायर तीस एमएमनं रुंद झाला म्हणजे पंधरा बाहेर आणि पंधरा आत. ते आतले पंधरा नडले. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्यांना घासायचा आणि 'खर्रर्र' असा आवाज यायचा. दुकानाच्या बोळातून गाडी वळवताना तर शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायचा. स्पेसर बसल्यावर तो आवाज गेला. गाडी पुन्हा आपल्या मूळ जागेत वळायला लागली. एवढा एक फायदा निखालस खरा आहे. बापू तिथेच थांबले असते तर हा लेख झाला नसता.

पहिला स्पेसर त्यांनी अजिंठा चौफुलीकडच्या एका लेथवाल्याकडून करून घेतला होता. नमुना म्हणून एकच. पाच स्टड ठोकलेली, चांगली वजनदार चकती. घरी आणून बापूंनी व्हर्नियर लावला, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि जाहीर केलं, "मधल्या भोकात अर्धा एमएम ढिलाई आहे." ही ढिलाई म्हणजे काय ते बापू फार छान समजावतात. स्पेसर हबच्या उंचवट्यावर तंतोतंत बसला पाहिजे, म्हणजे चाक मधोमध फिरतं. भोक सैल राहिलं तर चाक केसभर बाजूला बसतं आणि साठच्या वेगाला स्टेअरिंग हाताला मुंग्या आणतं. तंतोतंत बसणाऱ्याला हबसेंट्रिक म्हणतात. हा शब्द ते इतक्या भक्तीनं उच्चारतात की आमच्या सासूबाईंना तो बरेच दिवस कुठल्या तरी महाराजांचं नाव वाटत होता.

तो नापास नमुना वाया गेला नाही. ताईंनी तो उलटा करून ओट्यावर ठेवला. पाच स्टडचे पाच पाय, वर सपाट चकती. शेवभाजीचं उकळतं पातेलं त्यावर जे बसलं ते आजतागायत. "इतकी पक्की अडणी अख्ख्या सुभाष चौकात मिळायची नाही," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. बापूंच्या सगळ्या खर्चात एवढाच एक त्यांनी पास केलाय.

पुढे चार हबसेंट्रिक स्पेसर कुरिअरनं आले. ते बसवायचा कार्यक्रम मी जवळून पाहिलाय. अंगणात सतरंजी. तिच्यावर जॅक, टॉमी, तारेचा ब्रश, चिंध्या, निळं लॉकटाइट आणि जुन्या शालीत गुंडाळलेला टॉर्क पाना. आधी हबचा गंज ब्रशनं घासून चकाकवायचा, कारण मध्ये मातीचा कण राहिला तर नट घट्ट लागल्याचं नुसतं नाटक करतो. मग स्पेसर हबवर दाबायचा. तो हलकं 'टप्प' करून बसतो. त्या आवाजाला बापू डोळे मिटतात. मग गाडीच्या मूळ स्टडवर आतले पाच नट. ते ओळीनं आवळायचे नाहीत, एक सोडून समोरचा, चांदणी काढावी तसे. त्यांना शंभर न्यूटन-मीटरचा जोर, पाना 'कट्ट' म्हणेपर्यंत. मग स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर चाक आणि बाहेरचे पाच नट. म्हणजे एका चाकाला दहा. आतले पाच चाक लागल्यावर दिसत नाहीत. ते बघायचे तर चाकच उतरवावं लागतं. पारोळ्याचं पुढचं सगळं रामायण या न दिसणाऱ्या पाच नटांमुळे घडतं.

स्पेसर नवा असेल तर पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालवून नट पुन्हा तपासायचे असतात. धातू धातूवर बसतो, थोडा दबतो आणि नट सैल पडतो. हे शास्त्र झालं. जळगावहून धुळ्याला सासुरवाडीला जाताना पाळधी, एरंडोल ओलांडलं की पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर पारोळा येतं. हा योगायोग. आणि बापूंनी या योगायोगाचं व्रत केलं. नवे असताना एकदा करायची गोष्ट ते प्रत्येक खेपेला करतात.

आखाजीला आम्ही दोन्ही कुटुंबं जिप्सीतून जातो. खानदेशात आखाजीला लेक माहेरी नाही गेली तर गावात चर्चा होते. ऊन चव्वेचाळीसच्या घरात, गाडीला कापडी टप, एसी नाही. तरसोद-फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं होतं तेव्हा खड्डे, मुरूम आणि वळणरस्ते यांनी ऑफरोडिंगची हौस महामार्गावरच भागायची, सातपुड्यात जायची गरज नव्हती. पारोळा आलं की बापू न बोलता गाडी लिंबाखाली घेतात. ताई न बोलता पिशवीतून पाण्याची बाटली काढतात. मुलं उतरून उसाच्या रसाकडे जातात. बापू शाल उलगडतात. कट्ट. कट्ट. कट्ट. कुणीतरी सायकल थांबवून विचारतोच, "काय व्हयनं भो? पंक्चर?"

"पंक्चर नाही. री-टॉर्क."

"आस्सं," म्हणून तो माणूस तिथेच उभा राहतो. पारोळ्याला वेळ असलेली माणसं भरपूर आहेत.

शेवटचा नट झाला की बापू देवपुरात फोन लावतात, "आवळले. निघतो." तो फोन आला की सासूबाई चुलीवर खापर चढवतात. तिथून धुळं पस्तीस-छत्तीस किलोमीटर, आम्ही पोचेपर्यंत पहिला मांडा उतरतो. एकदा फोन लागला नाही तर आमरस वाढून ठेवलेला आणि मांडे कच्चे, असा प्रसंग आला होता. तेव्हापासून स्पेसरला विरोध करणाऱ्या सासूबाई री-टॉर्कच्या बाबतीत कडक झाल्या आहेत.

खंडेनवमीला दुकानातली हत्यारं एका पाटावर आणि टॉर्क पाना वेगळ्या पाटावर असतो. त्याला हळद-कुंकू कमी लावतात, कॅलिब्रेशन बिघडू नये म्हणून.

आता तोटे. ते बापूंना ठाऊक नाहीत असं समजू नका. ते स्वतःच्या गाडीत दिसत नाहीत, इतकंच.

पहिला तोटा सगळ्या अंगावर येतो. चाक मडगार्डच्या बाहेर आलं की चिखलाला अडवणारं कुणी राहत नाही. पावसाळ्यात जिप्सी शेतरस्त्यानं गेली की काळी माती दारावर, आरशावर, टपावर आणि उघड्या खिडकीतून सरळ पुढच्या सीटवर. ताईंच्या दोन साड्या त्यात गेल्या. बापूंचं म्हणणं, "ही माती कसदार आहे, डाग पडला तर पडू द्या."

दुसरा तोटा स्टेअरिंगचा. चाक बाहेर सरकलं की खड्ड्याचा हिसका थेट हाताला येतो. जिप्सीला डगडगण्याची सवय आधीच असते, त्यात ही भर. एका विशिष्ट वेगाला स्टेअरिंग असं थरथरतं की बापूंचा चष्मा नाकावरून खाली येतो. ते वेग कमी करतात, चष्मा वर करतात आणि म्हणतात, "रस्ता खराब आहे." मोठ्या टायरमुळे मीटरही कमी दाखवतो, साठ दाखवला तर खरा पासष्टच्या पुढे. तो हिशेब ते तोंडी करतात. इंजिनाला मात्र हिशेब येत नाही. कन्नडच्या घाटात ते ९७० सीसी बिचारं मोठी चाकं ओढताना असं कण्हतं की केळी भरलेला ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जातो.

तिसरा बेअरिंगचा. त्यांच्या मेकॅनिकनं तो मला एका वाक्यात सांगितला, "पाण्याची बादली छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा." वजन तेच, पण चाक जेवढं बाहेर तेवढी बेअरिंगवर तरफ वाढते. किंगपिन, टायरॉडची टोकं, सगळ्यांचं वय लवकर होतं. पुढच्या डाव्या चाकातून मध्यंतरी 'गुंऽऽ' असा आवाज यायचा. मी बापूंना विचारलं तर म्हणाले, "खोल नक्षीच्या टायरचा असतो तो." पुढच्याच आठवड्यात गाडी जॅकवर होती आणि ग्रीसनं माखलेले बापू म्हणत होते, "सहज बदलून टाकलं. जुनं झालं होतं." ते 'जुनं' बेअरिंग बसवल्यालाही फार दिवस झालेले नव्हते.

चौथा कायद्याचा. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या मूळ मापाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. त्याच वर्षी मोटार वाहन कायदा सुधारला आणि मनानं बदल करणाऱ्या मालकाला एका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. बापूंनी हे सगळं वाचलंय. त्यांचा बचावही तयार आहे, "आरसी काढून बघा. व्हीलबेस लिहिलेला असतो. ट्रॅक कुठे लिहिलेला असतो?" हा मुद्दा कोर्टात टिकेल असं मला वाटत नाही. बापूंनाही वाटत नसावं. कारण पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं दर पाच वर्षांनी पासिंग असतं, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात सतरंजी पडते, चारही स्पेसर उतरतात, जुने टायर चढतात आणि गाडी कंपनीतून आली तशी सोज्वळ होऊन आरटीओत उभी राहते. परत आल्यावर पुन्हा सतरंजी. विम्याचा विषय काढला की बापूंना दुकानातून फोन येतो.

आणि तरीही बापू बेफिकीर नाहीत, हे सांगायला हवं. धुळ्याचा एक पोरगा आहे, त्यांचाच चेला म्हणायला हरकत नाही. त्यानं पैसे वाचवायला नुसत्या सरकवायच्या चकत्या आणल्या. त्यांना स्वतःचे स्टड नसतात. चाक गाडीच्या मूळ स्टडवरच लागतं, आणि मध्ये चकती आल्यानं नटाला धरायला चार-पाच आटेच उरतात. बापूंनी फोनवर अर्धा तास समजावलं. पोरानं ऐकलं नाही. पुढे लळिंगच्या अलीकडे त्याचं पुढचं चाक सुटलं आणि गाडीला मागे टाकून एकटंच रस्त्याकडेच्या शेतात गेलं. वेग कमी होता, कुणाला काही झालं नाही. बापू बातमी कळताच जळगावहून निघाले. पोराला रागावले नाहीत. ते शेत चालून चाक शोधलं, तुटलेले स्टड रुमालात गोळा केले, गाडी धुळ्याला ओढून आणली, नवे स्टड स्वतःच्या पैशानं घातले आणि त्या चार चकत्या घेऊन आले. त्या आता दुकानात बिलांवर वजन म्हणून ठेवल्यात. कुणी तरुण पोरगा स्पेसरबद्दल विचारायला आला की बापू त्यातली एक त्याच्या हातात देतात आणि सुरुवात तोट्यापासून करतात. हा क्रम ते फक्त पंचविशीच्या आतल्यांसाठी बदलतात.

गाडी आडव्या उतारावर कलंडत नाही, हा त्यांचा सगळ्यात लाडका फायदा. जेवताना ते वाटी तिरकी करून दाखवतात, मग ताट तिरकं करून दाखवतात. ताट कलत नाही, कारण ते रुंद. आमटी मात्र सांडते. माझी मुलगी इंजिनिअरिंगला आहे. तिनं एकदा पेपरच्या समासात हिशेब मांडला. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सातशे एमएम धरला तर मूळ जिप्सी एकेचाळीस अंशांच्या आसपास कलंडेल. मोठ्या टायरनं गाडी तेहतीस एमएम उचलली, म्हणजे सव्वा अंश गेला. स्पेसरनं तो भरून दिला. वर शिल्लक किती? अर्ध्या अंशाला थोडं कमी.

आम्ही सगळे बापूंकडे बघत होतो. त्यांनी कागद जवळ घेतला, चष्मा वर केला. "म्हणजे शिल्लक आहे ना?"

हा अर्धा अंश जिथे वापरायचा ती जागा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे नाले. हिवाळ्यात पालकडे, मनुदेवीकडे या स्पेसरवाल्या मंडळींच्या गाड्या निघतात. मी गेलोय. नाल्यात गाडी डावीकडे झुकली की बापू शांतपणे म्हणतात, "बसा निवांत, अडतीस एमएम आहे," आणि स्वतः उजवीकडच्या दाराबाहेर अर्धे झुकतात. मीही त्यांच्या खांद्यावर झुकतो. गाडी स्पेसरमुळे तरते की दोन साडूंच्या वजनामुळे, हे पेपरच्या समासात मांडलेलं नाही. नाल्यापलीकडे कुणाच्या तरी शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली असतात, लाकडी भांड्यात ठेचून भरीत तयार असतं, सोबत कळण्याच्या पुऱ्या. त्याच शेतात पलीकडून साधा डांबरी रस्ता येतो. वांगी, तेल आणि पुऱ्या करणाऱ्या बायका त्या रस्त्यानं ॲपेरिक्षातून आलेल्या असतात. त्याबद्दल कुणी बोलत नाही.

गेल्या वर्षी बापूंच्या मुलीला बघायला धुळ्याहून पाहुणे आले. मुलगा वडिलांबरोबर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान बघतो. ताईंनी आठ दिवस घर घासलं होतं. बापूंना नवा शर्ट घालून, फक्त स्थळाबद्दल बोलायचं अशी ताकीद देऊन बाहेर उभं केलं होतं. फाटकापाशी थार थांबली. चाकं मडगार्डच्या बाहेर.

पाहुण्यांना नमस्कार-चमत्कार मीच केले. बापू मुलाला घेऊन चाकापाशी उकिडवे बसले होते. आत पोहे आले, बशा फिरल्या, मुलीचं शिक्षण सांगून झालं, मुलाच्या आईनं शोकेसमधल्या बाहुल्यांचंही कौतुक करून घेतलं. बाहेरचं अजून संपत नव्हतं. ताईंनी डोळ्यांनी खुणावलं म्हणून मी गेलो.

बापू मुलाची उलटतपासणी घेत होते. "बेअरिंगवर लोड येतो, माहीत आहे ना? चिखल उडतो. स्टेअरिंगला हिसका बसतो. इन्शुरन्सवाला हात वर करेल. आरटीओ पाच हजाराची पावती फाडेल. इतके तोटे असताना कशाला लावले तुम्ही?" स्वतःच्या गाडीबद्दल कधीही न उच्चारलेले सगळे तोटे, क्रमानं, एकही न गाळता.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "मोठे टायर पाट्यांना... म्हणजे आत घासत होते, काका."

"किती एमएम?"

"पंचवीस. हबसेंट्रिक आहेत."

बापू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग आवाज खाली आणून विचारलं, "येताना कुठे थांबला होतात?"

"पारोळ्याला. आईला बालाजीचं दर्शन घ्यायचं होतं." मुलगा जरा घुटमळला. "ती देवळात होती तेवढ्यात मी नट बघून घेतले."

बापू गुडघ्यावर हात टेकून उठले, नव्या शर्टाला लागलेली माती झटकली आणि घराकडे तोंड करून ओरडले, "अगं, पोहे गार झाले असतील. यांना दुसरे गरम कर!"